वेटोळेकाकांच्या टाचेतलं मीठ

वेटोळे हे त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या संस्थेत ते तांब्याची वेटोळी बनवायचे, म्हणून कुणीतरी गमतीनं म्हणायला लागलं आणि नाव चिकटलं. पुढे पुढे तर बाहेरून येणारी पाकिटंसुद्धा ‘श्री. वेटोळे’ अशाच नावानं यायची. काका ती न कुरकुरता घ्यायचे. एकदा बायको म्हणाली म्हणे, “अहो, आता मीही सौ. वेटोळे का?” तर काका म्हणाले, “तू तर लग्नापासूनच सरळ तार आहेस, तुला वेटोळं कोण म्हणेल?”

मी तिथे शरीरातल्या सोडियमवर काम करत होते. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलं. माणसाच्या अंगात ते सगळीकडे असतं, आणि मोठ्या चुंबकात माणसाला झोपवलं की रेडिओच्या लहरींनी त्या सोडियमला साद घालता येते. ते उत्तर देतं. ते उत्तर फार क्षीण असतं, म्हणून ऐकायला अंगाच्या अगदी जवळ तांब्याचं वेटोळं लावावं लागतं. ते वेटोळं म्हणजे आमचा कान, आणि तो कान घडवायचे काका. खालच्या मजल्यावर त्यांची खोली होती. डिंकासारख्या रसायनाचा आणि तापलेल्या कथलाचा वास, भिंतीवर टांगलेल्या पकडी, खिडकीत वाळत घातलेला कामाचा डगला. काका किडकिडीत, ताठ. जिने दोन दोन पायऱ्या गाळून चढायचे. आयुष्यात कधी दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही, असं सांगायचे आणि ते खरंही होतं.

त्या वर्षी आम्हाला टाचेच्या वरची कंडरा तपासायची होती. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर. पोटरीपासून टाचेपर्यंत जातो तो शरीरातला सगळ्यात जाड. त्यातले धागे एकाच दिशेनं, नीट विंचरलेल्या केसांसारखे असतात, आणि नेमकं हेच सोडियमला कळतं. मीठ नुसत्या पाण्यात विरघळलं असेल, तर त्यातलं सोडियम चहूबाजूंनी गरगरतं, त्याला कुठलीच एक दिशा जाणवत नाही आणि आमच्या पडद्यावर एकच टोक उभं राहतं. पण ओळीत लावलेल्या धाग्यांमध्ये अडकलेल्या सोडियमला त्या ओळींची ओढ जाणवते. मग एका टोकाची तीन होतात, मधलं उंच आणि दोन्ही बाजूंना एकेक बुटकं. तीन टोकं दिसली, म्हणजे आतले धागे शिस्तीत आहेत. इतकं साधं.

काकांनी टाचेसाठी नवं वेटोळं केलं, पन्हळीसारखं, पाय आत अलगद बसेल असं. आधी मिठाच्या पाण्याची बाटली ठेवून पाहिली. एक टोक. मग कसायाकडून आणलेली बैलाची कंडरा. तीन टोकं, पुस्तकात असतात तशी. सगळे खूश. आता माणसाचा पाय हवा होता.

“माझा घ्या की,” काका म्हणाले. “माझ्या वेटोळ्यात पहिला पाय माझाच.”

रीतसर संमतीपत्रावर सही झाली, खिशातल्या किल्ल्या, पट्टा, घड्याळ बाहेर निघालं आणि काका चुंबकात आडवे झाले. मी पडद्यासमोर बसले. पडद्यावर एकच टोक आलं. तेही धड टोक नाही, नुसता एक पसरट उंचवटा.

“वेटोळं हललं असेल,” काका आतून ओरडले. “पुन्हा घ्या.”

पुन्हा घेतलं, तेच. कंडरा चुंबकाच्या दिशेला एका ठरावीक कोनात तिरपी झाली, तर तीन टोकं एकात मिसळून जातात, म्हणून पाय सरळ केला, खाली उशी दिली, कोन मोजला. उंचवटा जागचा हलला नाही. दुसरा पाय घेतला. तिथेही तसंच. काकांचा चेहरा पडला. आपल्या हातच्या वस्तूत खोट निघाली की त्यांना जेवण जात नसे. ते वेटोळं त्यांनी उचलून नेलं, सगळे सांधे उसवले, पुन्हा जोडले आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले. पुन्हा तोच उंचवटा.

मग मी म्हटलं, “काका, आता माझा पाय घालून बघू.”

मी आत गेले, काकांनी यंत्र चालवणाऱ्या मुलीच्या शेजारी उभं राहून पाहिलं. मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर तीन टोकं होती, डौलात उभी. काका त्यांच्याकडे बघत होते.

“म्हणजे मॅडम,” ते हसत म्हणाले, “वेटोळं बरोबर आहे. खोट माझ्यातच आहे.”

आम्ही सगळे हसलो. 

आमच्या गटात एक डॉक्टरीणबाई होत्या, चुंबकातून निघणारी शरीराच्या आतली चित्रं वाचणाऱ्या. मी त्यांना सहज बोलावलं. त्यांनी काकांच्या टाचेचं नेहमीचं चित्र काढायला सांगितलं. चित्रात कंडरा दिसली ती नेहमीच्या दीडपट जाड, आणि आत एकसंध काळी असायच्या ऐवजी ठिपक्याठिपक्यांची. बाईंनी काकांना खुर्चीवर बसवलं, मोजा उतरवायला लावला आणि टाचेच्या वरचा भाग चिमटीत धरला.

“हे असं जाड पहिल्यापासून आहे?”

“आमच्या घराण्याची टाच आहे ती,” काका कौतुकानं म्हणाले. “वडिलांची अशीच होती. दादाची तर माझ्याहून जाड. बूट घेतला की मागची शिवण उसवून घ्यावी लागायची त्याला. आई म्हणते, आमच्या घरची माणसं मजबूत पायावर उभी आहेत.”

“वडील काय करतात?”

“ते गेले. मी शाळेत होतो. चाळिशीही गाठली नव्हती त्यांनी. कामावर उभ्या उभ्या कोसळले.”

बाईंनी टाच सोडली नाही. “आणि दादा?”

“दादाचं वेगळं आहे,” काका म्हणाले. “दादा धसक्यानं गेला.”

“किती वय होतं?”

“छत्तीस.”

बाई उठल्या. काकांची हनुवटी वर करून त्यांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला. मग मला म्हणाल्या, “तुम्हीही बघा.” बुबुळाच्या कडेला फिकट पांढरं कडं होतं, दुधाचा थेंब सुकल्यासारखं. इतकी वर्षं रोज त्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलले होते मी, आणि ते कडं मला कधी दिसलं नव्हतं.

बाईंनी जे सांगितलं ते असं. काही घराण्यांमध्ये जन्मापासूनच रक्तात चरबी अफाट असते. खाण्यापिण्याचा, जाडेपणाचा तिथे फारसा संबंध नसतो. ती चरबी कंडरेत साचते, धाग्यांच्या मध्ये शिरून त्यांची घडी विस्कटते, म्हणून तीन टोकांचा एक उंचवटा होतो. पण ती फक्त कंडरेत साचत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही साचते, लहानपणापासून, न दुखता. आणि मग एक दिवस तिशी-चाळिशीतला धडधाकट माणूस कोसळतो.

काका मोजा हातात धरून बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, त्यांना स्वतःच्या जिवाची भीती वाटली असणार. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

“म्हणजे दादा,” ते म्हणाले, आणि थांबले. मग पुन्हा, “म्हणजे दादा धसक्यानं नाही गेला?”

“मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे शपथेवर नाही सांगता येणार,” बाई म्हणाल्या. “पण वडील तसे, तुम्ही असे, टाच तशी. तुमच्या दादांच्या रक्तवाहिन्या कित्येक वर्षं बुजत आल्या असणार. धसक्यानं रक्तवाहिनी बुजत नाही हो.”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “अरे देवा,” ते म्हणाले. “आम्ही काय केलं हे!”

तेव्हा मला त्यांच्या घरची गोष्ट कळली. दादा छापखान्यात होता. एका सकाळी त्याचं आणि वहिनींचं कडाक्याचं भांडण झालं, वेगळं बिऱ्हाड करण्यावरून. वहिनींचा आवाज मुळात खणखणीत. दादा दार आपटून निघाला तेव्हा त्या जिन्यात येऊन ओरडल्या, “जा! तोंड दाखवू नका परत!” सगळ्या इमारतीनं ऐकलं. छापखान्याच्या पायऱ्या चढता चढता दादा गेला. दवाखान्यात हृदय बंद पडलं असं सांगितलं, पण घरात त्याचा एकच अर्थ लागला. आई सगळ्यांदेखत सुनेला म्हणाली, “तुझ्या जिभेनं नेला माझा मुलगा.” कडेवर वर्षाचं पोर घेऊन वहिनी घराबाहेर पडल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. कपडे शिवून मुलाला वाढवलं. रस्त्यात समोर आल्या की काका पलीकडच्या कडेला जायचे.

“मी तेव्हा एक शब्द बोललो नाही,” काका म्हणाले. “मलाही ते खरंच वाटत होतं.”

रक्ताचा निकाल आला. आकडा पाहून बाईंनी प्रयोगशाळेला फोन करून दोनदा खात्री केली. हृदयाची तपासणी झाली. तीन मोठ्या वाहिन्यांपैकी दोन जवळजवळ बंद. जिने दोन दोन पायऱ्या गाळून चढणारा हा माणूस! हृदयाचे डॉक्टर म्हणाले, “तुम्ही इथपर्यंत चालत आलात कसे, हाच मला प्रश्न पडलाय. आजच दाखल व्हा.”

“आज नाही,” काका म्हणाले. “आधी वहिनीकडे जायचंय. तिच्या मुलात हे असू शकतं ना?”

“निम्मी शक्यता.”

“आणि माझ्या लेकीत?”

“तिच्यातही तेवढीच.”

लेकीचं रक्त त्याच दुपारी घेतलं. काकू पोरीचा हात धरून बसल्या होत्या. मग काका माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही याल का सोबत? मला ते सांगता नाही यायचं. मी तोंड उघडलं की तिला वाटेल, मी परत भांडायला आलो.”

आम्ही गाडीनं दारापर्यंत गेलो. दुसरा मजला. काकांना मी एकेका पायरीवर थांबवत होते. दार वहिनींनी उघडलं. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. काकांना पाहून त्यांनी टाचण्या हळूच काढून हातात घेतल्या.

“भावजी?” इतका हलका आवाज की मला नीट ऐकू आला नाही. “आई गेल्या का?”

“नाही नाही. आई बरी आहे. आत येऊ?”

खोलीत शिवणयंत्र, कापडांचे गठ्ठे, खिडकीशी एक बाक. आम्ही बाकावर बसलो. मी सांगायला लागले. कंडरा, धागे, मीठ, रक्तातली चरबी, सगळं जमेल तितकं सोपं करून. वहिनी उभ्याच होत्या. मधे एकदा त्यांनी विचारलं, “टाच जाड असते त्यात?” मी हो म्हटलं. त्यांनी शिवणयंत्राची कड घट्ट धरली.

मी म्हटलं, “तुमचे यजमान भांडणामुळे गेले नाहीत. त्या सकाळी तुम्ही गाणं म्हटलं असतं, तरी ते त्या पायऱ्यांवर किंवा दुसऱ्या कुठल्या पायऱ्यांवर कोसळलेच असते.”

मला वाटलं होतं, त्या रडतील. कदाचित काकांना काही बोलतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती, जणू मी परक्या भाषेत बोलले होते.

“मला वाटायचं, सासूबाई खरं बोलल्या,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचं सोडा हो. मलाच ते खरं वाटत होतं. माझ्या जिभेत काहीतरी आहे असं वाटायचं. त्या दिवसापासून मी आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकानं बुडवलं तरी नाही. स्वतःच्या पोराला एकदा रागावले नाही मी. तो रस्त्यावर पळाला तरी मी मागून हाक मारायची नाही, धावत जाऊन धरायची. वाटायचं, ओरडले आणि हाही गेला तर?”

काका खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. “वहिनी,” ते म्हणाले, “मला...”

“थांबा, भावजी.”

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि मुलगा आत आला. चोवीस-पंचवीसचा, उंच, मालाचा टेम्पो चालवायचा. काकांना बघून तो दारातच अडखळला. माझी नजर आपोआप त्याच्या पायांकडे गेली. त्यानं चपला काढल्या, आणि मला दिसलं ते वहिनींनाही दिसलं. टाचेच्या वर दोन्हीकडे, दोराला गाठ मारावी तसा उंचवटा.

“आई, हे इथे कसे?”

“चपला घाल!” वहिनी ओरडल्या. आवाज असा फुटला की खिडकीची काच थरथरली. “आत्ताच्या आत्ता चपला घाल! रक्त द्यायला जायचंय तुला! उभा काय राहिलास माझ्या तोंडाकडे बघत?”

पोरगा खरंच उभाच राहिला. त्यानं आईचा तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. वहिनींनीही तोंडावर हात ठेवला आणि त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, डोळे विस्फारून. मुलगा श्वास घेत होता. धडधाकट उभा होता. त्यानं वाकून चपला घातल्या. तेव्हा कुठे त्या मटकन खाली बसल्या.

निकाल दोन्ही मुलांचे एकदमच आले. काकांच्या लेकीचं रक्त स्वच्छ निघालं. पुतण्याचं नाही. काकूंनी आनंदानं देवाचं नाव घेतलं आणि लगेच जीभ चावली. पण पुतण्याचं वेळेत सापडलं होतं. वाहिन्या अजून मोकळ्या होत्या, औषधं सुरू झाली, रोज घ्यायची, जन्मभर.

आईला सांगायचं काम काकांनी स्वतः केलं. म्हातारी ऐंशीला टेकलेली, पण कान तिखट. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “तुमचं यंत्र खोटं आहे. मिठावरून कुणी सांगतं का, माणूस कशानं मेला?” काकांनी स्वतःच्या छातीचे फोटो दाखवले, बंद झालेल्या वाहिन्या बोटानं दाखवल्या. मग तिनं विचारलं, “हे ह्यांच्यातून आलं? माझ्या नवऱ्यातून?” काका हो म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात होते. लांबलचक बोळ, प्लास्टिकच्या खुर्च्या. एका टोकाला म्हातारी, काकू आणि लेक. वहिनी मुलाला घेऊन आल्या आणि दुसऱ्या टोकाला बसल्या. म्हातारी उठली. भिंतीचा आधार घेत बोळ पार करून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं.

“आज नको,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. “आज तुमच्या मुलाचं ऑपरेशन आहे. आपण बोलू एक दिवस. पण तो दिवस मी ठरवीन.”

मग त्या सरकल्या आणि शेजारची खुर्ची मोकळी करून दिली. म्हातारी बसली. सासू-सुना एकमेकींकडे न बघता संध्याकाळपर्यंत तशाच बसून होत्या.

काका वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. मला म्हणाले, “मॅडम, मी जिवंत आहे ह्याचाच धक्का बसलाय. दादा सारखा डोळ्यांपुढे येतो. त्यालाही कुणी एकदा टाच दाबून बघितली असती तर?”

वहिनींनी तो दिवस ठरवला थंडी सरता सरता. एका दुपारी त्या स्वतः त्या घरी गेल्या, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि म्हातारीच्या खोलीचं दार लोटून घेतलं. काकू आणि काका जिन्यात बसून राहिले. आतून वहिनींचा आवाज येत होता, खणखणीत, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा. पहिलं वर्ष कसं काढलं, तापानं फणफणलेल्या पोराला घेऊन रात्र कशी काढली, दादाचा चेहरा शेवटचा बघू दिला नाही, ते सगळं. फार वेळ त्या एकट्याच बोलत होत्या. मग थांबल्या, आणि म्हातारीचा आवाज एकदाच आला.

“हो,” ती म्हणाली. “हो. मी केलं ते.”

वहिनी बाहेर आल्या, जिन्यात काकूंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “घसा बसला माझा.” काकूंनी पाणी आणून दिलं. त्या सासरी राहायला परत गेल्या नाहीत. त्यांनी तसं म्हटलंही नाही आणि कुणाची विचारायची हिंमतही झाली नाही. म्हातारी पुढल्या वर्षी गेली, तेव्हा त्या आल्या, शेवटपर्यंत थांबल्या आणि आपल्या घरी गेल्या.

पुतण्याचं गेल्या वर्षी लग्न ठरलं. मुलीला त्यानं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, रक्ताचं, आजोबांचं, वडिलांचं. ती म्हणाली म्हणे, “गोळ्या रोज घेतोस ना? मग पुढचं बोल.”